विसावा कोणाचा?

(वाचावयाचे शास्त्रभाग: मार्क ६:३०–४४, निर्गम २०:८–११, अनुवाद ५:१२–१५)



मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एक लहानशी गोष्ट आहे. तिजकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही, कारण लगेच पुढे पाच हजारांस भोजन दिल्याचा वृत्तान्त येतो. प्रेषित गावोगाव उपदेश करून परत आले आहेत, आणि आपण काय केले व काय शिकविले हे प्रभूस सांगत आहेत. भोवती माणसांची ये-जा इतकी आहे की त्यांस दोन घास खावयासही फुरसत नाही. अशा वेळी प्रभू त्यांस आणखी एखादे काम नेमून देत नाही, किंवा काम अपुरे राहिले म्हणून दोषही लावीत नाही. तो त्यांस लोकांपासून दूर, निवान्त जागी येऊन थोडे विसावण्यास सांगतो.

हा भाग आम्ही पुष्कळदा वाचला होता, पण त्याचा अर्थ आम्हांस शीळफाट्यावर राहू लागल्यावर कळला. तुम्हां खेड्यांतील वाचकांपैकी कित्येकांचे मुलगे, भाचे व जावई पोटासाठी त्या बाजूस आले आहेत, म्हणून ते ठिकाण कसे आहे हे थोडक्यात सांगतो. मुंब्र्याहून पनवेलीस जाणारा जुना हमरस्ता आणि कल्याण-डोंबिवलीकडून येणारा रस्ता येथे मिळतात, व जवळच महापे आणि नवी मुंबईकडे जाणारी वाट फुटते. न्हावाशेव्याच्या बंदरातून निघालेले मालाचे अवजड ट्रक भिवंडीच्या गोदामांकडे रात्रंदिवस येथूनच जातात. मुंबई-अहमदाबाद आगगाडीचा जो २१ किलोमीटरांचा बोगदा मुंबईतून निघतो, आणि ज्याचा ७ किलोमीटरांचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो, त्याचे दुसरे तोंड शीळफाट्यासच आहे. सारांश, जगास जेथे घाई आहे तेथे हा फाटा आहे. आमच्या लोकांपैकी कोणी ट्रकावर क्लीनर, कोणी गोदामात हमाल, कोणी इमारतीवर गवंडी आहे. बहिणी दोन-तीन घरची धुणीभांडी करितात. पहाटे चारला नळास पाणी येते, आणि रात्री बाराला शेवटचा माणूस घरी येतो.

घाईचे फळ काय होते ते ह्या ठिकाणाने एकदा भयंकर रीतीने पाहिले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ बेकायदेशीरपणे बांधली जात असलेली एक बहुमजली इमारत कोसळली, आणि ७४ माणसे मेली. त्यांत तेथेच बांधकाम करून तेथेच संसार मांडलेले मजूर व त्यांची लेकरे होती. आमच्या मंडळीतील एक वृद्ध गवंडी सांगतात की, ओतलेल्या काँक्रीटला पाणी पाजून कित्येक दिवस स्वस्थ राहू द्यावे लागते, तेव्हा कोठे त्यास बळ येते. स्वस्थ राहण्याचा तो काळ वाया गेला असे ज्यास वाटते, तो एकावर एक मजला चढवितो. प्रियजनहो, माणसाचेही असेच आहे.

आमचे स्वतःचे असे झाले, हे कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका विधवा बहिणीच्या खोलीत तिच्या तापाने आजारी पडलेल्या मुलासाठी प्रार्थना करावयास गेलो होतो. त्या दिवशी ते आमचे सहावे घर. गुडघे टेकून, खाटेवर डोके ठेवून आम्ही प्रार्थना करू लागलो, आणि प्रार्थना चालू असताच आमचा डोळा लागला. जागे झालो तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. त्या बहिणीने आम्हांस उठविले नव्हते, तर आपल्या लेकराच्या डोक्याखालची उशी काढून हलकेच आमच्या डोक्याखाली सारली होती. आम्ही ओशाळून उठलो तेव्हा ती म्हणाली, “पाळकसाहेब, देवाला समजलं असेल. पण तुम्ही आता चार दिवस कुठंतरी डोंगरात जाऊन या.”

ही गोष्ट पंचांच्या सभेत निघाली. काही मंडळी लगेच म्हणाली की पाळकांनी जावे. परंतु एका वडील पंचांनी सरळ विचारले, “आमच्या बापजाद्यांनी वेठ केली, गावकी केली, त्यांना कधी सुट्टी होती काय? डोंगरावर हवा खायला जाणं हे साहेबलोकांचं काम.” त्यांच्या बोलण्यात मत्सर नव्हता. त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे दुःख होते, म्हणून त्याचे उत्तर शोधणे आम्हांस प्राप्त झाले.

इतिहास पाहता त्यांचे म्हणणे खोटे नाही. सर जॉन माल्कम ह्या गव्हर्नराने १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरी आजारी गोऱ्या लोकांसाठी हवेचे ठिकाण वसविले, आणि त्याच्या नावाने तेथील पेठेस माल्कम पेठ हे नाव पडले. तेथे हवा खाणाऱ्यांच्या ताटातील भाजीपाला पुष्कळ वर्षे चिनी कैदी पिकवीत असत. तो तुरुंग १८६४ साली उठला. शीळफाट्यावरून मलंगगडाची रांग दिसते, तिच्या पलीकडे माथेरान आहे. तो डोंगर १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनी शोधला असे म्हणतात, आणि १९०७ साली तेथे नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली. तेथे मोटारींस बंदी केली, झाडे राखली, हे फार उत्तम झाले. परंतु तेथे येणाऱ्या थकलेल्या माणसास दुसरा माणूस हाताने रिक्षा ओढून चढावर नेत असे. ही चाल माणुसकीस शोभत नाही, ती सहा महिन्यांच्या आत बंद करावी, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने केला तो २०२५ च्या ऑगस्टात! एकाचा विसावा व दुसऱ्याची धाप, हे आमच्या देशात इतकी वर्षे शेजारी शेजारी चालले.

तर मग विसावा हा साहेबांचाच काय? शास्त्र तसे म्हणत नाही. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मोशे शब्बाथाची आज्ञा सांगतो तेव्हा तिचे कारणही सांगतो: तुम्ही मिसर देशात दास होता हे विसरू नका. म्हणजे आठवड्याच्या सुट्टीची ही आज्ञा प्रथम मिळाली ती विटा थापून पाठ मोडलेल्या लोकांस. आणि आमच्या महाराष्ट्रातही रविवारची सुट्टी कोणी दिली? ती गिरणीमालकांनी आपण होऊन दिली नाही. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांची संस्था काढली, सभा भरविल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यांनी मालकांपुढे मांडले असे सांगतात. तथापि मिसरातील दासांविषयी ज्या देवास कळवळा आला, त्याचेच हे काम होते असे आम्ही मानितो. आमचे हे म्हणणे ऐकून वडील पंच थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “जा. पण काय पाहिलंत ते आल्यावर सांगा.” ते सांगण्यासाठीच हा लेख.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही, आमची सहधर्मचारिणी व दोन मुले असे चौघे निघालो. कल्याणहून लोकलगाडीने कसारा गाठले. तेथून जीपने घाट चढून इगतपुरी व घोटी, आणि घोटीहून कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून शेंडीस, म्हणजे भंडारदऱ्यास. हा अकोले तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, ज्यास २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रात त्याहून उंच दुसरे नाही. प्रवरा नदीवरचे भंडारदऱ्याचे दगडी धरण १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले, आणि त्या पाण्यावर खाली दूरवर उसाचे मळे उभे राहिले.

धरणाच्या वरच्या अंगास एका वाडीत महादेव कोळी समाजाच्या एका कुटुंबात आम्ही उतरलो. पाहुण्यास आपल्याच घरात ठेवून, आपल्याच चुलीवरचे जेवण देऊन त्याचे रीतसर पैसे घ्यावयाचे, ह्यास हल्ली ‘होमस्टे’ म्हणतात. शेणाने सारविलेली पडवी, कुडाच्या भिंती, नागलीची भाकर, हुलग्याचे शेंगोळे, पानाच्या द्रोणात करवंदे. पहिल्या रात्री आम्ही आठ वाजता अंग टाकले ते सकाळी सातलाच उठलो. कित्येक वर्षांत ट्रकाच्या भोंग्यावाचून आमची रात्र गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरधन्याने आम्हांस ओढ्याकाठी काजवे पाहावयास नेले. पाऊस पडण्याच्या आधी थोडे दिवस तेथील झाडे काजव्यांनी भरून जातात. त्याने प्रथम आम्हांस हातातील विजेरी व मोबाइल बंद करण्यास सांगितले. काजव्यांचे चमकणे हे नरमाद्यांचे एकमेकांस हाक मारणे असते, आणि मोटारींचे व विजेऱ्यांचे दिवे मध्ये आले म्हणजे ती हाक पोहोचत नाही. आम्ही दिवे मालविले. प्रथम काहीच दिसेना. मग हळूहळू एक हिरड्याचे झाड आतून उजळू लागले, मावळले, पुन्हा उजळले. आमच्या धाकट्या मुलीने आमचा हात धरून ठेविला होता, ती काही बोलली नाही. शीळफाट्यावर ती सारखी बोलत असते, कारण तेथे ओरडल्यावाचून तिचे आम्हांस ऐकूच येत नाही.

१ राजे ह्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील एलीयाची आम्हांस तेव्हा आठवण झाली. तो देवाचा मोठा सेवक रानात एका झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याचा निषेध केला नाही. दूताच्या हाताने ऊन भाकर व पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खावयास दिले, आणि मगच पुढच्या वाटेची गोष्ट काढिली. थकलेल्या माणसास देवही आधी जेवू व झोपू देतो. तुमच्यातील जे प्रचारक बंधू चार-पाच गावे पायी हिंडतात, आणि विसावा घेणे म्हणजे विश्वासाची उणीव असे मानितात, त्यांनी हा अध्याय वाचावा.

परंतु आमचा खरा पाठ तिसऱ्या दिवशी पहाटे झाला. चारच्या सुमारास भांड्यांचा आवाज झाला म्हणून आम्ही बाहेर आलो. घरधनीण व तिची सून डोक्यावर हंड्यावर हंडा ठेवून खालच्या विहिरीवरून चढ चढून येत होत्या. धरणाचे अथांग पाणी चांदण्यात खाली दिसत होते, आणि ह्या दोघी बायका विहिरीच्या तळाचे पाणी वाटीवाटीने भरून आणीत होत्या! तेव्हा आम्ही मनात हिशेब केला. आम्ही चौघे जण रोज ऊन पाण्याच्या दोन-दोन बादल्या स्नानास घेत होतो. आठ बादल्या म्हणजे आठ हंडे. एका बाईस एका खेपेत दोन हंडे. म्हणजे चार खेपा, आणि एका खेपेस अर्धा तास. शीळफाट्यावर आम्ही एका बादलीत भागवितो. येथे सुट्टी म्हणून सढळ हाताने अंगावर पाणी घेतले, आणि त्या दोन तासांचा भार दुसऱ्याच्या मानेवर पडला.

आम्ही विचारले, “मावशी, रोज इतक्या पहाटे?”

ती म्हणाली, “मंग काय, दिस उगावला की विहिरीला गर्दी होती. आन पाव्हणं आल्यावर पाणी लागतंच की.”

“मग तुम्हांला विसावा केव्हा?”

ती हंडा उतरविता उतरविता हसली. “पाव्हणं गेलं की इसावा.”

ती हे सहज बोलली, आम्हांस टोचावे म्हणून नव्हे. परंतु आम्ही पडवीत येऊन बसलो आणि निर्गमातील चौथी आज्ञा मनात पुन्हा पुन्हा घोळू लागली. ती आज्ञा फक्त घरधन्यास विसावा सांगत नाही. पुत्र, कन्या, दास, दासी, गुरेढोरे, आणि वेशीच्या आत राहणारा परका, ह्या सर्वांची ती नावे घेते. सेमिनारीत आम्ही ती यादी तोंडपाठ म्हटली होती, पण त्या यादीत माणसे आहेत हे त्या पहाटे दिसले. ज्या दिवशी धनी विसावतो व दासी पाणी भरते तो दिवस देवाच्या हिशेबी शब्बाथ नव्हे. आणि मनुष्य मोल देतो एवढ्याने हा हिशेब फिटत नाही. कारण मोल तर त्या रिक्षा ओढणाऱ्यासही मिळतच होते.

त्या दिवसापासून आम्ही दोन बादल्यांत चौघांचे भागविले. आम्ही हंडा घेऊन विहिरीवर निघालो तेव्हा घरधन्याने आडवे येऊन म्हटले, “पाव्हण्यानं पाणी भरलं तर वाडी काय म्हणंल?” आम्ही म्हणालो, “वाडीला सांगा, पाव्हणा माहेरी आलाय.” तो हसला, पण दोन खेपांनंतर आमची मान दुखू लागली तेव्हा तो स्वतः हंडा घेऊन आला. त्या वाडीत पुरुषाने डोक्यावर हंडा घ्यावयाची चाल नाही, म्हणून त्याने तो खांद्यावर घेतला. आमची सहधर्मचारिणी सुनेबरोबर भाकऱ्या थापावयास बसली. तिच्या भाकऱ्या तुटत, आणि सून पदरात तोंड लपवून हसे. शेवटच्या दिवशी दुपारी घरधनीण पडवीत भिंतीस टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. आम्ही मुलांस गप्प बसविले. एका पेलाभर चहाएवढा वेळ ती झोपली असेल. आमच्या सबंध सुट्टीत आम्हांस सर्वांत गोड वाटलेला वेळ तोच.

मार्काच्या त्या अध्यायाचा शेवटही असाच आहे हे ध्यानात घ्या. प्रभू शिष्यांस घेऊन मचव्यातून निवान्त जागी गेला, पण लोक काठाकाठाने धावत तेथे आधीच पोहोचले. प्रभूने त्यांस हाकून दिले नाही, आणि आपल्या शिष्यांची थकवा खोटा असेही म्हटले नाही. त्याने सर्वांस हिरव्या गवतावर बसविले, आणि पाच हजारांचे जेवण झाले. शिष्यांसाठी मागितलेला विसावा अशा रीतीने सर्वांचा झाला.

आता, प्रिय वाचकहो, ह्यावरून आपण काय करावे?

जे शहरात कष्ट करितात त्यांस आम्ही सांगतो: सवड काढा. डोंगरावर जाणे न घडले तर आपल्याच गावी चार दिवस जा. पण जेथे उतराल तेथे पाणी कोठून येते हे पहिल्या दिवशीच विचारा, ठरलेल्या पैशांत घासाघीस करू नका, आणि ज्या हातांनी भाकर भाजली त्या हातांत काही द्या.

जे गावात राहतात त्यांसही आम्ही सांगतो. महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषिपर्यटनाचे धोरण ठरविले. तुमच्याही दारी शहरचे पाहुणे येतील, कित्येकांच्या दारी आलेही असतील. त्यांचे प्रेमाने स्वागत करा, हा प्रामाणिक धंदा आहे. पण त्या धंद्यात सात दिवसांतला एक दिवस विकू नका. आठवड्यास एक दिवस पाहुण्यांवाचूनचा ठेवा. आलेल्या पैशांतून पाण्याची टाकी किंवा नळ आधी करा, मग रंगीत पाटी लावा. घरच्या बाईच्या कष्टांवर उभारलेल्या धंद्याचा पैसा तिच्या हाती असू द्या.

आणि मंडळीच्या पुढाऱ्यांस आम्ही सांगतो: रविवारी उपासना झाल्यावर आपण पुरुष ओट्यावर बसून उपदेशाची चर्चा करितो, आणि आपल्या बायका उपाशीपोटी चुलीकडे धावतात. हा कोणता शब्बाथ?

आम्ही परत आल्यावर सभेत हे सर्व सांगितले. ज्या वडील पंचांनी सुट्टीस हरकत घेतली होती ते उठून म्हणाले, “मग ह्या रविवारपासून खिचडी आपण पुरुषांनी शिजवायची.” पहिल्या रविवारी त्यांनी स्वतः पळी धरिली. खिचडी खालून करपली. ज्या विधवा बहिणीने आमच्या डोक्याखाली उशी सारली होती तिच्या पुढे त्यांनी पहिले ताट ठेविले, आणि तिचा मुलगा, जो आता बरा झाला आहे, तिच्याजवळ बसला. ती म्हणाली, “करपली असली म्हणून काय झालं? वीस वर्षांत रविवारी मला कुणी वाढलं नव्हतं.” बाहेर ट्रक चालूच होते.

जो स्वतः थकून होडीत उशीस डोके टेकून झोपला, आणि थकल्याभागल्यांस आपल्याजवळ बोलावितो, तो प्रभू तुम्हांस कामात बळ व कामानंतर विसावा देवो. आणि तुमच्या विसाव्याचा भार तुमच्या घरातील, गोठ्यातील किंवा वेशीतील कोणाच्याही मानेवर न पडो, अशी त्याची कृपा तुम्हां सर्वांवर असो. आमेन.